सेप्टिक टँक उपसायची आहे? पैसे गाळाचे द्या, फेरीचे नाही

संडासात पाणी ओतले की खाली जात नाही, उलट वर येते. घरात पाहुणे आहेत आणि हातात टँकरवाल्याचा नंबर. तो फिरवण्याआधी दहा मिनिटे थांबा. तुमचे पाचशे रुपये जाणार, पाच हजार जाणार की एक रुपयाही जाणार नाही, हे या दहा मिनिटांत ठरते.

आधी बघा, किती ठिकाणी तुंबले आहे. एकच कमोड तुंबला आहे आणि शेजारच्या न्हाणीतले पाणी नीट वाहते आहे, तर दोष त्या भांड्यात किंवा त्याच्या पाइपात आहे. टँकरचा काही संबंध नाही, प्लंबर बोलवा. तळमजल्यावरचे सगळेच तुंबले असेल, वरच्या मजल्यावर कोणी फ्लश केला की खाली गुडगुड आवाज येत असेल, तर अंगणातल्या चेंबरचे झाकण उघडा. चेंबर कोरडे असेल तर अडथळा घर आणि चेंबर यांच्या मध्ये आहे. चेंबर तुडुंब असेल तर अडथळा पुढे आहे. पुढे म्हणजे तुमच्या टाकीत, की रस्त्यावरच्या गटारात?

नाशिकच्या इंदिरानगरात हा प्रश्न विचारावाच लागतो. जुने बंगले, रो-हाउस, चार मजली सोसायट्या आणि पाथर्डी फाट्याच्या बाजूची नवी बांधकामे, सगळ्यांची जोडणी एकसारखी नाही. कोणाचा संडास थेट भुयारी गटाराला जोडलेला असतो. कोणाची टाकी अजून चालू असते आणि तिच्यातून बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यात जाते. कोणाची टाकीही चालू आणि पुढे गटाराची जोडणीही. घर जुने विकत घेतले असेल तर आधीच्या मालकाला किंवा बिल्डरला विचारा, मंजूर नकाशा काढून बघा. टाकी कुठे आहे हेच माहीत नसल्याने फरशी फोडण्याचे पैसे गेलेली घरे कमी नाहीत.

रस्त्यावरचे चेंबर भरून वाहत असेल तर खिशात हात घालू नका. ते काम नाशिक महापालिकेचे आहे. ई-कनेक्ट ॲपवर फोटोसह तक्रार टाका किंवा विभागीय कार्यालयात लेखी द्या. इंदिरानगरचा मोठा भाग पूर्व विभागात येतो. तक्रार क्रमांक जपून ठेवा. रस्त्यावरचे चेंबर ‘मोकळे करून देतो, पाचशे द्या’ म्हणत कोणी दारात आला तर त्याला परत पाठवा. मात्र तुमच्या कुंपणाच्या आतले चेंबर, पाइप आणि टाकी ही तुमचीच जबाबदारी.

‘टाकी भरली’ म्हणजे काय?

सगळ्यात जास्त पैसे या एका वाक्यावर जातात. टँकरवाला झाकण उघडतो, आत काठोकाठ पाणी दाखवतो आणि म्हणतो, ‘बघा, भरली.’ तुम्ही घाबरता आणि हो म्हणता.

सेप्टिक टँक नेहमीच भरलेली असते. तिची रचनाच तशी असते. पाणी बाहेर जाण्याच्या पाइपापर्यंत चढते आणि आत जितके येईल तितके पुढे निघते. आज उपसलेली टाकी चार-आठ दिवसांत पुन्हा त्याच पातळीला येणार. त्यात बिघाड काही नाही. बघायचे असते ते पाणी नाही, तळाला बसलेला गाळ आणि वर तरंगणारी साय. गाळ वाढत वाढत टाकीची निम्मी खोली व्यापू लागला की उपसण्याची वेळ झाली. गाळाला जागा उरली नाही की तो पाण्याबरोबर बाहेर पडतो, शोषखड्डा बुजतो आणि मग खरा खर्च सुरू होतो. काळ्या मातीत शोषखड्डा बुजला तर तो पुन्हा मोकळा होणे कठीण. नवा खणणे हाच उपाय उरतो.

गाळ घरच्या घरी मोजता येतो. लांब बांबूच्या खालच्या टोकाला जुना पांढरा टॉवेल सुतळीने घट्ट गुंडाळा. झाकण उघडून थोडा वेळ जाऊ द्या. मग लांब उभे राहून बांबू सरळ तळापर्यंत सोडा, दोन-तीन मिनिटे धरा आणि सावकाश वर घ्या. टॉवेल जितका काळाकुट्ट झाला तितका गाळ. वाकून आत बघू नका. काडी, लायटर, विडी-सिगारेट जवळ नको. आत मिथेन असतो, तो पेट घेतो. मुले आणि कुत्री-मांजरे घरात बंद ठेवा.

साधारण दोन ते तीन वर्षांतून एकदा उपसणे पुरते. कुटुंब मोठे आणि टाकी लहान असेल तर लवकर. ‘दरवर्षी करायलाच लागते’ हा टँकरवाल्याचा हिशेब आहे, टाकीचा नाही. पण दहा-दहा वर्षे झाकणच उघडले नाही, हेही चालत नाही. इतक्या वर्षांचा गाळ दगडासारखा बसतो, टँकरच्या पाइपाने उचलला जात नाही. आधी पाण्याच्या जोराने तो मोकळा करावा लागतो आणि एका फेरीच्या तीन होतात.

आधी मोजा, मग भाव विचारा

टँकरवाले ‘एका फेरीला इतके’ असा भाव सांगतात. फेरी म्हणजे किती लिटर, हे आपण विचारत नाही आणि तिथेच फसतो. बाजारात तीन हजार लिटरपासून दहा हजार लिटरपर्यंतच्या गाड्या आहेत. तीन हजारवाल्याचा फेरीचा भाव स्वस्त वाटतो, पण तुमच्या टाकीला त्याच्या दोन फेऱ्या लागतात.

टाकीची आतली लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटांत मोजा. तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला २८ ने गुणा, लिटर मिळाले. आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि पाच फूट पाणी असेल तर १६० घनफूट, म्हणजे सुमारे साडेचार हजार लिटर. या टाकीला पाच हजारांची एक गाडी पुरते. हा आकडा वहीत लिहून ठेवा, दरवाजाच्या आत खडूने लिहा, पण हाताशी ठेवा. फोनवर ‘माझी टाकी साडेचार हजार लिटरची आहे’ असे सांगणाऱ्या माणसाला वेगळा भाव मिळतो.

एका फेरीसाठी दीड ते तीन हजार रुपये धरून चाला. गाडी मोठी असेल, रात्रीची वेळ असेल किंवा सण तोंडावर असेल तर वरचा आकडा. तीन ठिकाणी विचारा. एकाने खूपच कमी सांगितले तर तो बाकीचे जागेवर वसूल करणार, हे समजून चाला.

फोनवर विचारायचे प्रश्न हे. गाडी किती लिटरची? पाइप किती लांब, आणि जास्तीचा पाइप लागला तर त्याचे वेगळे पैसे का? माझ्या गेटपासून टाकी अमुक फुटांवर आहे, पार्किंगमध्ये गाडी शिरणार नाही, मग पाइप पोहोचेल का? गाळ घट्ट निघाला तर मोकळा करणारे मशीन आहे का, त्याचे किती? झाकण उघडणे आणि परत सिमेंटने बसवणे भावात धरले आहे का? दोन्ही कप्पे उपसणार का? बिल मिळेल का? आणि, मैला कुठे रिकामा करणार?

या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना जो अडखळतो, त्याला बोलावू नका. तुमच्या टाकीतला मैला नासर्डी नदीत किंवा एखाद्या मोकळ्या प्लॉटवर ओतला, तर तो आपल्याच वस्तीत परत येतो. मलनिस्सारण केंद्र किंवा महापालिकेने ठरवून दिलेली जागा, एवढेच उत्तर चालते. महापालिकेची गाडी हवी असेल तर विभागीय कार्यालयात अर्ज करा, घरपट्टीचे बिल सोबत न्या, पैसे भरून पावती घ्या. पावतीवरच्या रकमेपेक्षा वेगळे काही देणे लागत नाही.

भाव ठरला की व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवा: ‘पाच हजार लिटर, एक फेरी, दोन्ही कप्पे, झाकण बसवून, एकूण अमुक रुपये.’ त्याचा ‘ओके’ आला की मगच पत्ता द्या.

गाडी आल्यावर तुम्ही घरात बसू नका

तिथे उभे राहा, फक्त वारा पाठीकडून येईल असे आणि झाकणापासून लांब. गाडी अर्धी भरून आली असेल तर तुमची फेरी अर्ध्यातच संपणार. गाडीच्या टाकीच्या बाजूला काच किंवा पातळी दाखवणारी खूण असते, ती बघा. नसेल तर ‘रिकामी आहे का’ हे सरळ विचारा आणि खात्री करून घ्या.

बहुतेक टाक्यांना दोन कप्पे असतात. संडासाकडून येणारा पाइप ज्या कप्प्यात पडतो, जवळजवळ सगळा गाळ त्याच कप्प्यात बसतो. फसवणुकीचा सगळ्यात सोपा प्रकार असा: दुसऱ्या कप्प्यातले पातळ पाणी ओढायचे, गाडी भरायची, पैसे घ्यायचे. गाळ जिथल्या तिथे. तुम्ही खूश, कारण संडास पुन्हा वाहू लागला. महिन्याभरात पुन्हा तेच. म्हणून पाइप आधी पहिल्या कप्प्यात सोडायला सांगा आणि तळापर्यंत जाऊ द्या. काम संपल्यावर टॉवेल गुंडाळलेला बांबू पुन्हा घाला. काळा पट्टा वीतभर खाली आला नसेल तर पैसे अडवा. टाकी मात्र धुऊन चकचकीत करू नका. थोडा गाळ तळाला राहू द्यायचा असतो. त्यातल्याच जिवाणूंवर पुढचे काम चालते.

याच कारणाने बॅक्टेरिया पावडरचा डबा घेऊ नका. काम संपले की हमखास तो पुढे केला जातो. मैल्यात जिवाणू आपोआप असतात, विकत आणावे लागत नाहीत. ‘टाकीला तडा गेलाय, आतून प्लास्टर लागेल’ हेही त्याच वेळी ऐकू येते. त्याच दिवशी हो म्हणू नका. टाकी भरू द्या, बाहेर जाणाऱ्या पाइपापर्यंत पातळी आली आणि तिथेच टिकली तर तडा नाही. पातळी खालीच राहत असेल तर मग मिस्त्री बोलवा.

जीएसटी लावला तर बिलावर त्याचा जीएसटी क्रमांक हवाच. नोंदणी नसलेल्या माणसाला जीएसटी आकारण्याचा अधिकार नाही. ‘बिल हवे तर अठरा टक्के वर’ असे कोणी म्हणाले तर क्रमांक मागा. अनेकदा विषय तिथेच संपतो.

वेळ कोणती? फेब्रुवारी ते मे. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते, शोषखड्डा पाणी घेत नाही, टाकी उपसली तरी दोन दिवसांत तुंबते आणि तुमचे पैसे वाया जातात. प्लास्टिकची किंवा फायबरची टाकी असेल तर भर पावसात पूर्ण रिकामी करूच नका. खालच्या पाण्याच्या दाबाने ती जमिनीतून वर उचलली जाते आणि पाइप तुटतात. एका फेरीचे काम साधारण तासाभराचे. सकाळी लवकर बोलवा, म्हणजे दुसरी फेरी लागलीच तर त्याच दिवशी होते.

लहान दुरुस्त्या, लहान पैसे

कमोडचा फ्लश सतत गळत असेल तर फ्लशची अख्खी टाकी बदलायला कोणी सांगेल. आतले फिटिंग बदलून बहुतेक वेळा भागते. फ्लशच्या टाकीत चमचाभर हळद कालवा, फ्लश करू नका, पंधरा मिनिटांनी भांड्यात पिवळे उतरले तर खालचे रबर गेले आहे. रबर शंभर-दोनशेत येते, आतला पूर्ण संच साधारण चारशे ते बाराशेत, कंपनीप्रमाणे. भिंतीत बसवलेल्या टाकीचे भाग मात्र महाग असतात आणि त्याच कंपनीचे लागतात. जुना भाग दुकानात सोबत न्या. प्लंबरला ‘सामान तुम्हीच आणा’ म्हणालात तर भागाची पावती आणि काढलेला जुना भाग, दोन्ही मागा. भेटीचे दोनशे ते पाचशे कामात वळते होणार की वेगळे, हे दारातच विचारा.

एका कमोडचा चोकअप काढायला स्प्रिंगच्या मशीनने पाचशे ते दीड हजार धरा. ‘भांडे काढावे लागेल’ असे तो म्हणाला तर आधी स्प्रिंग टाकायला सांगा. भांडे काढले की नवा सिमेंट-सिलिकॉनचा जोड, तुटण्याची भीती आणि मजुरी असे तीन खर्च वाढतात. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने भांड्यात आणि पाइपात पांढरा थर धरतो. तो व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड रात्रभर ठेवून निघतो. बाटलीतले तीव्र ॲसिड रबराची वाट लावते, टाकीतले जिवाणू मारते, आणि ब्लीचिंगबरोबर मिसळले तर विषारी क्लोरीन वायू होतो. बंद संडासात तो जिवावर बेततो.

सॅनिटरी पॅड, डायपर, ओले टिश्यू, केस, स्वयंपाकघरातले तेल संडासात जाऊ देऊ नका. चोकअप काढणाऱ्याच्या स्प्रिंगला बहुतेक वेळा हेच गुंडाळून येते. टाकीच्या व्हेंट पाइपच्या तोंडाला बारीक जाळी किंवा नायलॉनचे कापड बांधा. काही रुपयांचे काम, पण टाकीत वाढणारे डास तिथूनच घरात येतात.

सोसायटीत राहत असाल तर

सेप्टिक टँक, ड्रेनेज लाइन आणि बाहेरचे पाइप ही सोसायटीच्या खर्चाची कामे आहेत. तुमच्या फ्लॅटमधला संडास गळून खालच्याच्या छताला ओल आली, तर तो खर्च तुमचा. वरच्या मजल्यावरच्यांनी ‘आम्हाला त्रास नाही, आम्ही का द्यावे’ म्हणायचे कारण नाही. टाकी सगळ्यांची आहे. कमिटीने तीन कोटेशन घ्यावीत, ठराव लिहावा, बिल सोसायटीच्या नावाने घ्यावे आणि पैसे खात्यातून द्यावेत. वॉचमनच्या हातून रोखीने उरकलेल्या कामाला ना बिल असते, ना तारीख, ना जाब विचारायला माणूस.

माणूस आत उतरणार नाही

कितीही घाई असली, गाळ कितीही घट्ट असला आणि ‘तासाभरात पोरगा आत उतरून साफ करेल, हजार रुपये कमी’ असे कोणी सांगितले तरी नाही म्हणा. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास मारतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते आणि माणसाला वाटते, हवा मोकळी झाली. पुढचे काही श्वास त्याचे शेवटचे ठरतात.

२०१३ च्या कायद्याने सेप्टिक टँकमध्ये माणसाला धोकादायक सफाईसाठी उतरवणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. काम ठेकेदाराचे होते, आम्हाला माहीत नव्हते, असे म्हणून तुमची मान सुटत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका खासगी सोसायटीची टाकी साफ करताना तीन कामगार गेले. त्यांच्या विधवांना प्रत्येकी दहा लाख रुपये द्या, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये राज्य सरकारला दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई तीस लाख केली. तुम्ही वाचवलेल्या हजार रुपयांसमोर हे आकडे ठेवा. आणि आकडे बाजूला ठेवले तरी, तो माणूस संध्याकाळी त्याच्या घरी परत गेला पाहिजे.

गाळ घट्ट असेल तर पाण्याच्या जोराने मोकळा करणारे मशीन आणा, दोन फेऱ्यांचे पैसे द्या, एक दिवस थांबा. कोणी माणूस उतरवताना दिसले, शेजाऱ्याच्या घरी असो वा सोसायटीत, तर काम थांबवा आणि सफाईमित्र हेल्पलाइन १४४२० वर कळवा.

पैसे घेऊन काम अर्धवट सोडले, ठरल्यापेक्षा जास्त उकळले, पाइप फोडून गेला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. व्हॉट्सॲपची ती ओळ, बिल, यूपीआयची नोंद आणि कामाआधीचा-नंतरचा फोटो हीच तुमची कागदपत्रे. तिथे मिटले नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या सेवेला तिथे शुल्क नाही आणि वकील लागतोच असेही नाही.

आणि कधी टाकीत कोणी पडलेच, तर त्याच्या मागे उतरू नका. वाचवायला उतरलेलाही त्याच वायूने पडतो. १०१ किंवा ११२ लावा, टाकीची इतर झाकणेही उघडा, लोकांना लांब ठेवा आणि अग्निशमन दल येईपर्यंत तिथेच थांबा.